नाण्यावरचं चित्र पाहिलं, पण नाणं घेतलं कुणी?

माझी आत्या न्यू जर्सीहून येताना एकदा मूठभर सुटी नाणी घेऊन आली होती. त्यात पंचवीस सेंटचं एक क्वार्टर होतं. एका बाजूला जॉर्ज वॉशिंग्टन आणि त्याच्या खाली १७७६-१९७६, दुसऱ्या बाजूला तीनकोनी टोपीतला ढोलवाला. शाळेत असताना मला वाटायचं, अरे वा, आपल्याकडे दोनशे वर्षं जुनं नाणं आहे! नंतर कळलं की स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीसाठी अमेरिकन टांकसाळीने १९७५ आणि १९७६ अशी दोन्ही वर्षं हेच जोडसाल छापलं. म्हणून १९७५ साल असलेलं क्वार्टर जगात कुठेच नाही. वाढदिवस साजरा करायला एक सबंध वर्ष क्वार्टरवरून पुसून टाकलं.

हा किस्सा आधीच सांगायला हवा होता मला, प्रबंधाचं दुसरं प्रकरण लिहिताना. ते प्रकरण अमेरिकन स्मारक-नाण्यांवर आहे, आणि त्याचा पहिला खर्डा मी पूर्णपणे चित्रांवर लिहिला. घोडा कुठल्या दिशेला तोंड करून उभा आहे, गरुडाचे पंख उघडे की मिटलेले, असली चाळीस पानं. माझ्या मार्गदर्शक बाईंनी ती शांतपणे वाचली आणि एवढंच विचारलं, "सगळं ठीक आहे गं, पण ही नाणी घेतली कुणी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्यापैकी जे वस्तू, पोस्टर, तिकिटं, बिल्ले यांवर संशोधनाचा विचार करताय, त्यांनी हा प्रश्न आजच वहीत लिहून ठेवा. माझे सहा महिने गेले.

आधी त्या काळचा व्यवहार समजून घेऊ, कारण सगळी गोम तिथेच आहे. एखाद्या शहराची, संस्थेची किंवा स्मारक समितीची मागणी यायची. काँग्रेस कायदा करायची. सरकारी टांकसाळ नाणी पाडायची आणि समितीला दर्शनी किमतीत द्यायची. समिती तेच अर्ध्या डॉलरचं नाणं लोकांना एका डॉलरला विकायची. वरचे पन्नास सेंट समितीचे. खपलं नाही तर टांकसाळीत परत, आणि तिथे वितळवून टाकायचं. म्हणजे नाण्यावर नाव सरकारचं, इतिहास समितीचा आणि भांडवल ग्राहकाच्या भावनेचं. हे कळल्यावर मला तरी नाणं देणगीच्या पावतीसारखं दिसायला लागलं.

आता १९२५चा स्टोन माउंटन अर्धा डॉलर घ्या. जॉर्जियातल्या डोंगरावर यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या सेनानींचं प्रचंड शिल्प कोरायचं होतं, त्याला पैसा हवा होता. शिल्पकार गट्झन बोर्गलम, ज्याने पुढे माउंट रशमोर कोरलं तोच. नाण्यावर रॉबर्ट ली आणि स्टोनवॉल जॅक्सन घोड्यांवर बसलेले, मागे गरुड, आणि दक्षिणेच्या सैनिकाच्या शौर्याचं स्मारक अशा अर्थाचा मजकूर. ज्या सैन्याने अमेरिकेविरुद्धच बंदूक उचलली, त्याचा गौरव अमेरिकेच्याच टांकसाळीत पाडलेल्या नाण्यावर. १९१५ मध्ये याच डोंगरावर कू क्लक्स क्लॅनचं पुनरुज्जीवन झालं होतं, हेही लक्षात असू द्या. नाण्यावर गुलामगिरीबद्दल अक्षर नाही.

इथपर्यंतचं माझ्या खर्ड्यात होतं. नव्हता तो कायद्याचा मजकूर. १९२४च्या त्या कायद्यात नाण्याची कारणं दिली आहेत. शौर्याचं स्मारक हे एक कारण. त्या शौर्याने पुढच्या पिढ्यांना स्पेनविरुद्धच्या आणि महायुद्धात प्रेरणा दिली, हे त्याला जोडलेलं. आणि शेवटी दिवंगत राष्ट्राध्यक्ष वॉरन हार्डिंग यांची स्मृती. हार्डिंग उत्तरेतल्या ओहायोचे, रिपब्लिकन. नाण्यावर त्यांचा मागमूस नाही. कायदा पास होताना जी सबब लागली, ती नाणं पाडताना लागली नाही. हे चित्राकडे कितीही वेळ टक लावून बसलं तरी दिसत नाही, कारण जे वगळलं ते चित्रात नसतंच!

मग मी आकडे काढले. स्टोन माउंटनची २३,१४,७०९ नाणी पाडली गेली, त्यातली दहा लाख वितळवली, म्हणजे तेरा लाखांवर उरली. पुढच्याच वर्षी, १९२६ला, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला दीडशे वर्षं झाली म्हणून फिलाडेल्फियात प्रदर्शन भरलं आणि त्यासाठी अर्धा डॉलर निघाला. त्यावर वॉशिंग्टनच्या जोडीला कॅल्व्हिन कूलिज, तेव्हाचे विद्यमान राष्ट्राध्यक्ष. हयात अध्यक्षाचा चेहरा अमेरिकन नाण्यावर पहिल्यांदाच आला. दहा लाखांवर नाणी पाडली, ८,५९,४०८ वितळवली. उरली १,४१,१२०.

तेरा लाख विरुद्ध दीड लाखही नाही. मी खुर्चीतून उठलेच. बंडखोर सेनापती खपतात आणि देशाचा वाढदिवस भट्टीत जातो, असं वाक्यही लिहून टाकलं. फार आवडलं होतं मला ते वाक्य. आणि तेच चुकीचं होतं. स्टोन माउंटनच्या समितीने राज्याराज्यांत विक्रीची यंत्रणा उभी केली होती, प्रत्येकाला कोटा दिला होता, काही नाण्यांवर राज्याचं लघुनाम आणि क्रमांक ठोकून त्यांचे लिलाव केले होते. फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनाला पावसाने झोडपलं, माणसंच कमी आली, आणि नाण्याचा उठाव इतका उथळ की डिझाइन धड दिसत नाही. मग आकडा मोजतो काय? देशभक्ती, की विक्रेत्याची चिकाटी? दोन्हीचं मिश्रण असेल, पण ते वेगळं करून दाखवल्याशिवाय वाक्य लिहायचं नाही.

संग्राहकांचं साहित्य इथे अर्धीच मदत करतं. येओमनचं 'अ गाइड बुक ऑफ युनायटेड स्टेट्स कॉइन्स', ज्याला सगळे रेड बुक म्हणतात, ते माझ्या टेबलावर कायम असतं. किती पाडली, कुठल्या टांकसाळीत, झीज किती असली तर भाव किती, सगळं चोख. पण पहिला ग्राहक कोण, तो काय समजून डॉलर देत होता, याची चौकशी करणं हे त्या पुस्तकाचं कामच नाही. उलट आमच्यासारखे, इतिहास विभागातले, चित्राची फोड करत बसतात आणि रेड बुक उघडायला कमीपणा मानतात. दोन्ही दुकानं एकमेकांसमोर, मधला रस्ता ओलांडायला कुणी तयार नाही.

बनवाबनवीचा नमुना हवा असेल तर १९३६चा सिनसिनाटी अर्धा डॉलर पाहा. शहर अमेरिकेचं संगीतकेंद्र झाल्याला पन्नास वर्षं झाली, असा दावा, त्यावर गीतकार स्टीफन फॉस्टरचा चेहरा. फॉस्टर वारला १८६४ला. १८८६ला सिनसिनाटीत असं काय घडलं, हे धड कुणाला सांगता येईना. तीन टांकसाळींत मिळून जेमतेम पाच हजार संच काढले, आणि सूत्रधार होता एक नाणीसंग्राहकच. वर्धापनदिन आधी ठरवायचा, घटना नंतर शोधायची. (आपल्याकडच्या काही 'शताब्दी' समारंभांची आठवण झाली असेल तर माझा दोष नाही.)

देशभक्तीची वस्तू देशातच बनते असंही नाही. १८१२च्या युद्धानंतर अमेरिकन विजयांची आणि वीरांची चित्रं असलेल्या निळ्या बश्या खपल्या, त्या भाजल्या होत्या इंग्लंडातल्या स्टॅफर्डशरमध्ये. शत्रूचाही धंदा झालाच!

आता माझं अडलेलं नाणं. १९४६ ते १९५१ मध्ये बुकर टी. वॉशिंग्टनचा अर्धा डॉलर निघाला. तो घडवणारा आयझॅक स्कॉट हॅथवे हा अमेरिकन नाण्याचं डिझाइन करणारा पहिला कृष्णवर्णीय कलाकार. मागच्या बाजूला गुलामाची झोपडी आणि वर कीर्तिमंदिर. खप निराशाजनक. मग १९५१ला नवा कायदा: न खपलेली चांदी वितळवा आणि त्यातून वॉशिंग्टन आणि शास्त्रज्ञ जॉर्ज कार्व्हर यांचं जोडनाणं पाडा. त्यामागचा उद्देश कायद्यात सरळ लिहिला आहे, की कृष्णवर्णीयांमध्ये कम्युनिझम पसरू नये. नाण्यावर अमेरिकेचा नकाशा, सर्वांना स्वातंत्र्य आणि संधी असा मजकूर आणि 'अमेरिकनिझम' हा शब्द. त्या वेळी दक्षिणेत वेगळ्या शाळा, वेगळे नळ. हे नाणं शेवटचं पाडलं १९५४ला, ज्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. त्यानंतर १९८२पर्यंत अमेरिकेने स्मारक-नाणंच काढलं नाही.

खप कमी का झाला? गोऱ्या संग्राहकांनी पाठ फिरवली? की तिसाच्या दशकातल्या सिनसिनाटीसारख्या प्रकारांनी सगळेच विटले होते? की ज्यांच्या नावाने हे काढलं, त्या लोकांनाच पन्नास सेंटच्या नाण्याला डॉलर मोजणं परवडत नव्हतं, किंवा पटत नव्हतं? तिन्ही उत्तरं वितळवण्याच्या आकड्यात सारखीच बसतात, म्हणून यावेळी मी छान वाक्य लिहिलेलं नाही. शिकागो डिफेंडर आणि पिट्सबर्ग कुरियर, ही कृष्णवर्णीयांची दोन मोठी वृत्तपत्रं, १९४६पासून चाळायला घेतली आहेत. रोज दोन तास, जाहिरातींसकट. सध्या १९४७चा मार्च चालू आहे.