टाळ्यांसकट ऐकायची तबकडी



आज आम्ही एकाच तबकडीवर बोलणार आहोत. तिचं नाव 'शक्ती विथ जॉन मॅक्लॉफ्लिन'. ५ जुलै १९७५ रोजी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, साउथॅम्प्टन कॉलेजात एक मैफल झाली. तिचं मुद्रण कोलंबिया कंपनीने १९७६ साली तबकडी म्हणून काढलं. आम्ही या तबकडीचे जुने चाहते आहोत हे आधीच सांगतो, म्हणजे आमचं पुढचं बोलणं तुम्हाला त्या हिशेबाने तोलता येईल.

पहिला आक्षेप ठरलेला असतो. तबला, मृदंगम, घटम, व्हायोलिन आणि साधी, विजेशिवायची गिटार. यात रॉक कुठं आलं? आक्षेप अगदीच चुकीचा नाही. पण गिटार कोणाच्या हातात आहे ते बघा. मॅक्लॉफ्लिन 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा' घेऊन विजेची दुहेरी गिटार कानठळ्या बसेपर्यंत वाजवत होता. रॉकच्या प्रत्यक्ष मैफलीच्या तबकड्यांचा तो बहराचा काळ. 'द हू'ची लीड्सची मैफल १९७० ची, ऑलमन ब्रदर्सची फिल्मोर ईस्टची १९७१ ची, 'डीप पर्पल'ची जपानमधली १९७२ ची. या तबकड्यांचा एक दावा होता, की आमचा आवाज स्टुडिओतल्या यंत्रांनी घडवलेला नाही, लोकांसमोर उभं राहूनही तो निघतो. म्हणजे तिथं मैफल हा पुरावा होता.

आपल्याकडे हा प्रश्नच नव्हता. आपल्या संगीतात मैफल हेच संगीत, आणि तबकडी म्हणजे त्याची आठवण. तीन-साडेतीन मिनिटांच्या जुन्या तबकडीत राग मावत नाही, ही आपली तक्रार. 'शक्ती'च्या या तबकडीत दोन्ही परंपरा एका मंचावर येतात, म्हणून ती आम्हाला विचार करायला लावते. एकीला लोकांसमोर काहीतरी सिद्ध करायचं आहे. दुसरी लोकांसमोरच जन्मलेली आहे.

आता वाजवणारे बघू. माहीमला वाढलेला, उस्ताद अल्लारखांचा मुलगा झाकीर हुसेन तेव्हा फक्त २४ वर्षांचा. व्हायोलिनवर एल. शंकर, घटमवर टी. एच. विनायकराम, मृदंगमवर आर. राघवन. उत्तरेचा तबला आणि दक्षिणेचा मृदंगम हे काही रोज शेजारी बसणारे लोक नव्हेत. ठेका वेगळा, बोल वेगळे, हिशेब मांडायची रीतही वेगळी. त्यांना एकत्र बसवायला सातासमुद्रापलीकडचा एक गिटारवाला लागला, यातली गंमत आपणच ओळखायला हवी.

तबकडीत तीनच रचना आहेत. पहिली 'जॉय', अठरा मिनिटांची. इथं आलाप, विलंबित असलं काही नाही, घोडा पहिल्यापासून चौखूर. गिटार आणि व्हायोलिन एकच वाक्य इतक्या वेगाने मिळून बोलतात, की दोन वाद्यं आहेत हे क्षणभर विसरायला होतं. पण चाहत्यानेही कान उघडे ठेवावेत. साध्या गिटारीचा स्वर छेडला की लगेच विझू लागतो. व्हायोलिनचा स्वर गजाच्या जोरावर टिकतो. विझणारा स्वर झाकायला मॅक्लॉफ्लिन स्वरांची संख्या वाढवतो. काही ठिकाणी ती आतषबाजी होते, आणि आम्हाला वाटतं, आता जरा थांबला असता तर बरं झालं असतं. ही अडचण त्यालाही कळलेली असणार. 'शक्ती'साठी त्याने खास गिटार करून घेतली. तिच्यात मुख्य तारांखालून सात जास्तीच्या तारा आडव्या जातात आणि पट्ट्यांमधलं लाकूड कोरून खोलगट केलेलं असतं, म्हणजे तार दाबून मींड घेता यावी.

दुसरी 'लोटस फीट', पाच मिनिटांचीही नाही. इथं तो थांबतो. साधी, हळू चाल, तालवाद्यं दबक्या पावलांची. वेगाने जे झाकलं होतं ते इथं उघडं पडतं, आणि ते सुंदर आहे.

तिसरीचं नाव लांबलचक आहे, ती वाजतेही जवळजवळ एकोणतीस मिनिटं. तबकडीची आख्खी दुसरी बाजू तिने व्यापली आहे. आमच्या मते ही तबकडी उभी राहते ती इथं. सवाल-जवाब आपल्याला नवे नाहीत. लावणीतही आहेत आणि कव्वालीतही. पण इथं जवाब देणाऱ्याला सवालाची भाषा येतेच असं नाही. दक्षिणेच्या हिशेबातलं वाक्य तबल्याला आपल्या बोलांत बसवून परत द्यायचं असतं. ते देताना झाकीरचा डावा हात बायाँवर काय करतो, ते नीट ऐका.

आता आमच्या विषयाकडे, म्हणजे तत्त्वज्ञानाकडे येऊ. उत्स्फूर्त वादन मुद्रित केलं आणि शंभरदा ऐकलं की ते उत्स्फूर्त राहतं का? प्रत्येक तान पाठ होते, पुढं काय येणार ते कळतं. मग ती ठरवलेल्या रचनेसारखीच झाली ना? आम्हाला तसं वाटत नाही. सम कुठं येणार हे ऐकणाऱ्याला माहीत असतं, तरी समेवर मान डोलतेच. माहीत असण्याने वाट पाहणं संपत नाही. मुद्रणात एका क्षणी एका माणसाने घेतलेला निर्णय टिकून असतो. त्याला दुसरं काही वाजवता आलं असतं, त्याने हे वाजवलं. ती जबाबदारी शंभराव्या वेळीही ऐकू येते. १५ डिसेंबर २०२४ ला झाकीर गेले. त्यानंतर ही तबकडी लावली तेव्हा ती आम्हाला जास्तच ऐकू आली.

मुंबईत डिसेंबर २००० मध्ये मुद्रित झालेली 'सॅटर्डे नाइट इन बॉम्बे' अनेकांना जास्त आवडते. शिवकुमार शर्मांचं संतूर आहे, श्रीनिवास खळ्यांकडे शिकलेला शंकर महादेवन गातो, पाहुण्यांची रेलचेल आहे. तो सोहळा आहे, आणि चांगला आहे. पण तोवर 'शक्ती' म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक झालं होतं. १९७५ ला ते कुणालाच ठाऊक नव्हतं, वाजवणाऱ्यांनाही पुरतं नव्हतं. ती जोखीम पैशाने किंवा पाहुण्यांनी परत आणता येत नाही.

हे सगळं मुलचेऱ्यात का सांगायचं? कारण ज्याला मैफल हेच संगीत म्हणतात, ते आपल्याभोवती पसरलेलं आहे. धान घरात आलं की वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव निघतात. शंकरपट असला की रात्री नाटक, ते पहाटेपर्यंत. आपल्या बंगाली गावांत खोल-करतालावर हरिनाम चालतं. गोंड-माडिया पाड्यांवर रेला रंगतो. यातलं आपण जपतो काय? मोबाइलवरचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा, नाहीतर स्टुडिओत यंत्राच्या ठेक्यावर बसवलेलं गाणं. त्यात गाव नसतं, रात्र नसते, चुकलेला सूर सावरणारा सोबती नसतो.

'शक्ती'च्या तबकडीपासून एवढंच शिकावं. आख्खी रात्र मुद्रित करा. मधली शांतता, खोकला, टाळ्या, कुणी दिलेली दाद, काही कापू नका. गाणाऱ्याला आधी विचारा आणि त्याचं नाव लिहून ठेवा. कान जोडणारा कोणीतरी पुढं येईलच. पण त्याच्यासाठी काही शिल्लक असायला हवं.

आम्ही इथं थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.