गावातील युद्धस्मारके : आकडा, नाव आणि पंगत

स्मारक हा एक मजकूर असतो. तो कोणीतरी लिहितो, कोणासाठी तरी लिहितो आणि लिहिताना काही गोष्टी गाळतो. आपल्या समीक्षेने कविता वाचल्या, कादंबऱ्या वाचल्या, आत्मकथने वाचली. परंतु गावाच्या चावडीवर, वेशीत किंवा शाळेच्या भिंतीवर बसवलेला दगड तिने मजकूर म्हणून क्वचितच वाचला. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत तर हे वाचन अगत्याचे आहे. पूर्वी हा एकच सातारा जिल्हा होता. १९४९ मध्ये त्यातून दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. 'सैनिकांचा मुलूख' म्हणून या प्रदेशाचा नेहमी गौरव होतो. हा गौरव नेमका कोणाचा, आणि त्यात कोणाला जागा आहे, हा या लेखाचा प्रश्न आहे.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने गावोगाव पाट्या बसवल्या. त्यांचा साचा ठरलेला होता. या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. एवढेच. सातारा तालुक्यातील अपशिंगे हे या परंपरेतले सर्वांत प्रसिद्ध गाव. त्या युद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. 'अपशिंगे मिलिटरी' हेच गावाचे नाव होऊन बसले. एका गावाने ४६ माणसे गमावणे ही सामान्य गोष्ट नव्हे. त्या घरांचे दुःख खरे होते आणि त्यापुढे मान खालीच घातली पाहिजे. पण मान खाली घालूनही विचारता येते की, पाटीवर आकडा का? नाव का नाही?

हा प्रश्न केवळ खेड्यातल्या पाटीपुरता नाही. मेसोपोटेमियाच्या लढाईत हिंदी पलटणींची मोठी हानी झाली. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील फौजेने शरणागती पत्करली. या रणभूमीवरील मृतांसाठी बसरा येथे मोठे स्मारक उभे राहिले. त्यावर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीच्या नावाखाली संख्या दिली गेली. राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये स्वतःच्या अहवालात हा भेदभाव मान्य केला. किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत मृतांची नावाने किंवा अजिबातच नोंद झाली नाही, असे तो अहवाल सांगतो. त्यांत बहुसंख्य पूर्व आफ्रिकी आणि इजिप्शियन होते, हमाल आणि मजूर तुकड्यांतले होते. शंभर वर्षांनी साम्राज्याने कबूल केले की, मरणाच्या नोंदीतही त्याने वरचा-खालचा भेद केला होता.

कोणी म्हणेल, आकड्यात समता आहे. पाटलाच्या पोराचा एक आणि महाराच्या पोराचा एक, दोन्ही सारखेच. हा युक्तिवाद दिसतो तितका निरागस नाही. आकडा कोणाचेच नाव सांगत नाही, म्हणून ते नाव पुढे गावाची स्मृती भरते. गावाची स्मृती म्हणजे कोणाची? ज्याच्या हाती चावडी, ज्याच्या हाती पार आणि देऊळ, ज्याच्या घरात दप्तर, त्याची. पाटीवरचे दहा लोक मग हळूहळू दहा वाड्यांचे पूर्वज होतात. वेशीबाहेरचा अकरावा माणूस पाटीवर होता की नव्हता, हे सांगायला दगड येत नाही. निनावीपणा सर्वांना सारखा नसतो. ज्याचे नाव गावात सात ठिकाणी लिहिलेले आहे त्याचे एका ठिकाणी राहिले तर बिघडत नाही. ज्याचे कोठेच लिहिलेले नाही, त्याला ती एकच जागा होती.

याच्या उलट उदाहरण भीमा कोरेगावच्या स्तंभाचे आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारने हा स्तंभ उभारला आणि त्यावर मृतांची व जखमींची नावे कोरली. त्यांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' हा प्रत्यय आहे. तो महारांच्या नावांना लागत असे. कंपनीला जातिनिर्मूलन करावयाचे नव्हते. तिने पलटणीच्या पटावर होते तसे नाव दगडावर उतरवले, एवढेच. पण त्या एका प्रत्ययामुळे शंभर वर्षांनंतर एका समाजाला आपला माणूस ओळखता आला. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभापाशी गेले, तेव्हा त्यांनी दगड बदलला नाही. त्यांनी त्याचे वाचन बदलले. 'कंपनीचा विजय' म्हणून उभा राहिलेला मजकूर 'आम्ही लढवय्ये नाही असे कोण म्हणतो?' या प्रश्नात रूपांतरित झाला.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो. हा साम्राज्याचा स्तंभ, त्याचा अभिमान कसला? आक्षेप विचारात घेण्यासारखा आहे, पण तो एकाच स्तंभाबाबत का घेतला जातो? अपशिंग्याचे ४६ जवान त्याच साम्राज्यासाठी मेले. बसऱ्याच्या स्मारकावरचे मराठे त्याच साम्राज्यासाठी मेले. तेथे आपण शौर्य पाहतो आणि कोरेगावात मात्र निष्ठा तपासतो. १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगावात जो हिंसाचार झाला, त्याच्या मुळाशी केवळ इतिहासाचा वाद नव्हता. स्मरणाचा हक्क कोणाला, हा वाद होता.

आता काळाचा क्रम पाहू. ज्या महारांची नावे स्तंभावर होती, त्यांच्यासाठीच १८९२-९३ च्या सुमारास लष्कराचे दरवाजे बंद झाले. 'लढाऊ जाती' नावाचा सिद्धांत सरकारने स्वीकारला आणि त्यात महार बसेनात. १८८६ मध्ये निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये या बंदीविरुद्ध विनंतीपत्र तयार केले. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला. पुढे महायुद्धात माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारण्यात आली. युद्ध संपल्यावर काही वर्षांतच ती मोडण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा गरज पडली. बाबासाहेब १९४१ मध्ये संरक्षणविषयक सल्लागार समितीवर होते, आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली. कोरेगावचा स्तंभ काही काळ तिच्या बोधचिन्हावर होता. आज या रेजिमेंटमध्ये अनेक जातींचे आणि प्रांतांचे जवान आहेत. तिचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना १९८७ मधील श्रीलंकेतील कामगिरीबद्दल मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. गरज असताना बोलवायचे आणि गरज संपताच घालवून द्यायचे, हा व्यवहार एकही स्मारक सांगत नाही. पाटीवर १९१४ ते १९१९ एवढेच असते. १९१९ नंतर काय झाले, याला पाटीवर जागा नसते.

लष्करबंदीने केवळ पगार गेला नाही. शाळा गेली. पलटणीत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिक्षण मिळत होते. सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर ते साताऱ्यास आले. साताऱ्यातच भीमाबाईंचे निधन झाले, आणि साताऱ्यातच ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव इंग्रजी शाळेच्या पटावर दाखल झाले. पुढच्याच वर्षी वडिलांना भेटण्यासाठी ही मुले रेल्वेने मसूरला उतरली. खटाव तालुक्यात गोरेगाव येथे दुष्काळी कामावर रामजी नोकरीस होते. मुलांचे कपडे चांगले होते. जात कळेपर्यंत स्टेशनमास्तर आपुलकीने बोलत होता. जात कळल्यावर गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे कबूल केल्यावर बैलगाडी मिळाली, ती मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे. वाटेत जेवण होते, पण पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनी हे पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवले. ही मुले सरकारी फौजेतल्या सुभेदाराची होती. सैनिकांच्या मुलखातूनच ती जात होती. सुभेदाराच्या हुद्द्याला मसूर ते गोरेगाव या रस्त्यावर तांब्याभर पाण्याचीही किंमत नव्हती.

याच मुलखातली आणखी एक कथा परंपरेने सांगितली जाते. मिरजेजवळच्या कळंबीचा शिदनाक महार १७९५ च्या खर्ड्याच्या स्वारीत पटवर्धनांच्या बाजूने होता. छावणीत त्याचा तंबू इतरांच्या ओळीत लागला, म्हणून सरदारांनी हरकत घेतली. तेव्हा हिरोजी पाटणकरांनी उत्तर दिले की, ही जेवणाची पंगत नव्हे, तलवारबहाद्दरांची आहे. ही कथा आपण कौतुकाने सांगतो. जरा थांबून वाचली तर तिच्यातली मेख दिसते. पाटणकरांचे उत्तर उदार आहे, पण ते जेवणाच्या पंगतीला हात लावत नाही. उलट ती वेगळीच राहील, असे गृहीत धरते. रणांगणात एक ओळ, गावात दुसरी. मरताना शेजारी, जेवताना बाहेर. आपल्या गावांतील बहुतेक स्मारके या उत्तराच्या पलीकडे गेलेली नाहीत. ती तलवारीच्या पंगतीचे दगड आहेत. पंगत मोडल्याचा दगड अजून बसायचा आहे.

पलटणीतला महार रजेवर गावी आला की गणवेश खुंटीला जाई आणि वतन पुढे येई. भाऊ येसकरी करीत असे, चुलता सरकारी टपाल वाहत असे, घरातल्या बायका भाकरी मागून आणीत. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये विधेयक मांडले आणि कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला. म्हणजे दोन्ही महायुद्धांत लढून आलेल्या माणसाच्या घराण्याला ही वेठ चुकली नव्हती. हा इतिहास दगडावर नाही. तो आपल्या साहित्यात आहे. आटपाडीच्या शंकरराव खरातांनी १९८१ च्या 'तराळ-अंतराळ' मध्ये तराळकी करणाऱ्या बापाचे जगणे मांडले. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांनी १९५९ च्या 'फकिरा' मध्ये मांगवाड्यातला असा वीर उभा केला, जो सरकारसाठी नव्हे तर सरकारविरुद्ध लढला. सरकार अशा माणसाची पाटी कधीच बसवणार नव्हते. सरकारच्या दप्तरात तो गुन्हेगारच होता. जे दगडाने गाळले ते दलित लेखणीने भरले. म्हणून दलित साहित्याला 'केवळ व्यथेचे साहित्य' म्हणणे चूक आहे. ते गावाचे राहून गेलेले दप्तर आहे.

स्वातंत्र्यानंतर स्मारकांची भाषा बदलली आणि ती चांगल्या अर्थाने बदलली, हेही सांगितले पाहिजे. आता जवानाचे नाव लिहिले जाते. तासगाव तालुक्यातील मणेराजुरीचे पांडुरंग साळुंखे, १५ मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई, डिसेंबर १९७१ च्या युद्धात धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. साध्या शिपायाचे नाव देशाला ठाऊक होते, हे आकड्याकडून माणसाकडे आलेले पाऊल आहे. पण नवी भाषणे एक जुनी चूक करतात. ती म्हणतात, या मातीतच शौर्य आहे. हा इंग्रजांचा लढाऊ जातींचा सिद्धांतच, फक्त जातीच्या जागी माती घातलेली. खटाव, माण, आटपाडी, जत हे तालुके पावसाच्या छायेतले आहेत. जेथे विहीर आटते तेथे भरतीच्या मैदानावर रांग लागते. तरुण धैर्याने जातो, यात शंका नाही. पण त्याला तेथवर आणणारे कारण अनेकदा कोरडी जमीन असते, आणि ज्याला जमीनच नाही त्याचे कारण आणखी साधे असते. शौर्याला मातीचा गुण म्हटले की, पाणी आणि जमीन यांचा प्रश्न आपोआप गळतो.

तेव्हा करायचे काय? दगड फोडायचे नाहीत, वाचायचे. शिक्षकांनी मुलांना चावडीवरची पाटी वहीत उतरवायला लावावी आणि विचारावे की, हा आकडा कोणकोणत्या आळीतला आहे? विद्यार्थ्यांनी बौद्धवस्तीत, मातंगवस्तीत, रामोशी आणि धनगर वस्त्यांत जाऊन पेटीच्या तळाशी पडलेली डिस्चार्जची पुस्तके, पेन्शनचे कागद, पदके पाहावीत आणि म्हाताऱ्या माणसांकडून नावे लिहून घ्यावीत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे मागणी करावी. कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत ठराव मांडावा की, जुन्या आकड्याखाली मिळतील तेवढी नावे कोरली जावीत, आणि स्मारकाची नवी जागा सर्व वस्त्यांना सारखी जवळची असावी. पंधरा ऑगस्टला हार कोण घालतो, यादी कोण वाचतो आणि मागे कोण उभा राहतो, हेही स्मारकाच्या मजकुरातच मोडते.

हे काम कोणाच्या शौर्यातून काही वजा करणारे नाही. ४६ चा आकडा ४६ च राहील. पण त्या प्रत्येकाच्या मागे नाव, आळी आणि घर उभे राहिले की गावाला त्या घरांचा हिशेब द्यावा लागेल. त्यांना पाणवठा होता का, जमीन मिळाली का, पोरे शाळेत गेली का? या प्रश्नांची उत्तरे ज्या दिवशी पाटीखाली उभे राहून मोठ्याने वाचता येतील, त्या दिवशी तलवारीची आणि जेवणाची पंगत एक झाली, असे म्हणता येईल.