कसोटीचा दगड आणि पॅलेडियम

विटा, खानापूर, आटपाडी आणि खटाव-माण या सांगली-सातारा जिल्ह्यांतील दुष्काळी पट्ट्यातून सोने-चांदी गाळून शुद्ध करणारे गलाई व्यावसायिक देशभर पसरले आहेत. त्यांच्या धंद्यात एक गोष्ट गृहीत असते : एका दगडावर उतरलेला कस परगावच्या सराफाच्या दगडावरही तोच उतरला पाहिजे. मार्टिन फ्लेशमन या विद्युतरसायनशास्त्रज्ञाच्या दोन प्रयोगांकडे पाहताना हाच नियम हाती धरावा, असे मला वाटते.

शीत संमीलनाची गोष्ट बहुधा दोनच तऱ्हांनी सांगितली जाते. एकीत फ्लेशमन भोंदू ठरतो, तर दुसरीत प्रस्थापितांनी छळलेला द्रष्टा. दोन्ही गोष्टी २३ मार्च १९८९ रोजी युटा विद्यापीठात झालेल्या पत्रकार परिषदेपासून सुरू होतात. ही सुरुवातच अपुरी आहे.

१९७४ मध्ये इंग्लंडमधील साउदम्प्टन विद्यापीठात फ्लेशमन, हेंड्रा आणि मॅक्विलन यांनी चांदीचा इलेक्ट्रोड विद्युतक्रियेने पुन्हा पुन्हा खरवडून खरखरीत केला. त्यावर चिकटलेल्या पिरिडीनच्या रेणूंचा रामन वर्णपट अनपेक्षितपणे ठळक मिळाला. खरखरीतपणामुळे क्षेत्रफळ वाढले आणि अधिक रेणू चिकटले, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. ते अपुरे होते. १९७७ मध्ये अमेरिकेतील आणि ब्रिटनमधील दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले, की संकेत लाखो पटींनी वाढतो; केवळ क्षेत्रफळाने एवढी वाढ शक्य नाही. चांदीच्या अब्जांश आकाराच्या उंचवट्यांवर इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर सामुदायिकरीत्या आंदोलतात आणि प्रकाश तिथे एकवटतो, हे पुढे उलगडले. स्पष्टीकरण पडले, निरीक्षण टिकले; कारण ज्याच्याकडे चांदी आणि वर्णपटमापक होता, त्याला ते पुन्हा दिसत होते.

पंधरा वर्षांनी याच माणसाने स्टॅन्ली पॉन्स यांच्यासह जड पाण्यात पॅलेडियमचा इलेक्ट्रोड बुडवला आणि जास्तीची उष्णता मिळाल्याचे जाहीर केले. इथे क्रम उलटला. निरीक्षण पक्के होण्याआधीच ‘संमीलन’ हे स्पष्टीकरण जगापुढे आले. ड्यूटेरियमच्या परिचित संमीलनातून एक वॅट उष्णता निघाली, तर सेकंदाला सुमारे एक लाख कोटी न्यूट्रॉन बाहेर पडायला हवेत. तेवढे कुणालाच सापडले नाहीत.

आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ही गोष्ट हसण्यावारी नेली नाही. डिसेंबर १९८९ मध्ये पी. के. अय्यंगार आणि एम. श्रीनिवासन यांनी संपादित केलेल्या अहवालात न्यूट्रॉनपेक्षा कितीतरी पटींनी अधिक ट्रिटियम सापडल्याची नोंद आहे. परिचित संमीलनात ही दोन्ही जवळपास सारख्या प्रमाणात निघतात. म्हणजे नोंद खरी मानली, तरी स्पष्टीकरण नवेच शोधावे लागते. ही विसंगती अहवालात लपवलेली नाही, हे त्याचे मोल. पुढे २०१९ मध्ये गूगलच्या अर्थसाहाय्याने झालेल्या अनेक वर्षांच्या पडताळणीतही शीत संमीलनाचा पुरावा मिळाला नाही.

दोन्ही प्रयोगांत ‘पृष्ठभाग’ हा शब्द येतो, आणि माझ्या मते खरा फरक तिथेच आहे. चांदीचा खरखरीतपणा मोजता आला, घडवता आला. त्यातून एक साधन तयार झाले. पॅलेडियम गप्प राहिले, की मात्र समर्थक त्याच्या भेगांकडे, अशुद्धीकडे, ड्यूटेरियम पुरेसे न मुरल्याकडे बोट दाखवतात. ही कारणे अशक्य नाहीत. पण अपयशानंतरच आठवणारे कारण सबब होते.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात पातळ थर आणि अब्जांश पदार्थ यांवरील संशोधनाची परंपरा मोठी आहे. फ्लेशमनच्या चांदीतून निघालेले तंत्र आज फळांवरील कीटकनाशकांचे अंश ओळखण्यासाठी अभ्यासले जाते. तासगावच्या द्राक्षबागायतदाराची निर्यात अशाच अंशांवर अडते. तिथे एकदाच चमकलेला संकेत उपयोगाचा नाही. शंभराव्या पट्टीवरही तोच यावा लागतो. मग दहांतले सात थर बिघडले, तर प्रबंधात तीनच का छापायचे? बिघडलेल्या सातांची नोंद नसेल, तर पुढच्या विद्यार्थ्याला साधन मिळणार की सबब, हे कळायला मार्ग उरत नाही.

म्हणून फ्लेशमनला भोंदू किंवा हुतात्मा ठरवण्याची घाई नको. एकाच हाताने दोन धातू घासले. एकाचा कस परक्या दगडावरही उतरला, दुसऱ्याचा उतरला नाही. आपल्या विद्यार्थ्यांना हे दोन्ही प्रयोग एकाच तासाला शिकवायला हवेत.