कबुतर, कावळा आणि स्किनर

वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर (१९०४–१९९०) यांचा ‘कबुतरातील अंधश्रद्धा’ हा निबंध १९४८ साली प्रसिद्ध झाला. अंधश्रद्धेचे मूळ सांगताना त्याचा दाखला देण्याची जणू प्रथाच पडली आहे. हा निबंध कोठवर नेतो आणि कोठे थांबतो, याची चिकित्सा मात्र क्वचितच होते.

प्रयोग साधा आहे. उपाशी कबुतराच्या पिंजऱ्यात ठराविक अंतराने दाणे पुढे येत. त्याने काहीही केले वा न केले, तरी ते येणारच होते. असे असूनही आठांपैकी सहा कबुतरांना ठळक चाली जडल्या. एक गिरक्या घेई, दुसरे वरच्या कोपऱ्यात डोके खुपसी. दाणे येण्याच्या क्षणी योगायोगाने चालू असलेल्या हालचालीला प्रबलन मिळाले, असा स्किनर यांचा निष्कर्ष. एका कबुतराने तर दाणे बंद झाल्यावरही आपली चाल दहा हजारांहून अधिक वेळा केली. पुढे १९७१ साली स्टॅडन व सिमेलहॅग यांनी हा प्रयोग पुन्हा केला, तेव्हा दाण्यांची वेळ जवळ येताच बहुतेक कबुतरे सारख्याच रीतीने चोच मारताना आढळली. योगायोगाचा सिद्धान्त तेथेच डळमळीत झाला.

तथापि खरी उणीव निराळीच आहे. दशक्रियेतील काकस्पर्श पाहावा. पिंडाला कावळा शिवत नाही; नातलग एकामागून एक वचने देतात, “मुलीचे लग्न करून देऊ”, “धाकट्याला अंतर देणार नाही”. ज्या वचनानंतर कावळा शिवतो, तीच मृताची इच्छा ठरते. इथवर स्किनर यांचे विवेचन चपखल बसते. कावळा अनिश्चित वेळी येतो म्हणूनच हा समज अधिक चिवट होतो, हेही त्यातूनच उमगते. परंतु कबुतराला गिरकी कोणी शिकविली नव्हती. अतृप्त आत्म्याचे भय मात्र पिढ्यान् पिढ्या शिकविले गेले आहे, आणि त्यापोटी मिळणारी दक्षिणा हा काही योगायोग नव्हे. पिंजऱ्यात दाणे कोण सोडतो, हा प्रश्न स्किनर यांच्या निबंधात नाहीच. कारण ते स्वतःच पिंजऱ्याबाहेर उभे आहेत.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध-पिंडदानाचा स्पष्ट नकार आहे. कबुतराची चाल दाणे थांबल्यावरच हळूहळू मावळते. येथे रूढी भरात असताना माणसांनी ती जाणीवपूर्वक सोडली. चेतनेच्या या कृतीला वर्तनवादाच्या चौकटीत जागा सापडत नाही.

मात्र या भेदाने आपण निर्धास्त व्हावे, असेही नाही. एका पुण्यानुमोदनाच्या प्रसंगी त्रिसरण-पंचशील आटोपल्यावर घरातील वृद्ध आजींनी भाताचा घास हळूच कठड्यावर ठेवला आणि त्या आभाळाकडे पाहत उभ्या राहिल्या. त्यांना कोणी हटकले नाही. प्रस्तुत लेखकानेही नाही.