वृत्तपत्रांचें मौन : हैदराबादच्या स्थित्यंतराच्या साधनांचा विचार

हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणाचा इतिहास लिहितांना वृत्तपत्रांचीं कात्रणें आतां सनदा-बखरींच्या बरोबरीनें पुढें केलीं जातात. साधन अर्वाचीन असलें तरी त्यास जुनी कसोटी लाविलीच पाहिजे. ती लाविली असतां काय दिसतें, तें येथें थोडक्यांत मांडितों.

पहिला प्रश्न स्थळकाळाचा. १९३८ सालीं आ. कृ. वाघमारे यांनीं काढलेलें ‘मराठवाडा’ साप्ताहिक निजाम सरकारच्या बंदीमुळें निरनिराळ्या नांवांनीं निघत राहिलें. संग्रहांत एकच नांव शोधणारास हें पत्र खंडित वाटेल. वस्तुतः खंड नांवाचा आहे, पत्राचा नव्हे. शिवाय हद्दीबाहेर छापलेला मजकूर निजामी जप्तीपासून सुरक्षित असला, तरी घटनास्थळापासून दूर असतो. म्हणून गोष्ट केव्हां घडली, केव्हां छापली व कोठें छापली, हें नोंदल्यावांचून कात्रण प्रमाण मानूं नये. संस्थानी दप्तराशीं ताडतांना फसली सनांत महिन्याप्रमाणें ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात, हेंहि ध्यानांत असावें.

दुसरा प्रश्न मौनाचा. भाट्ट मीमांसक अनुपलब्धि हें स्वतंत्र प्रमाण मानितात, पण एका अटीवर : वस्तु असती तर ती दिसलीच असती, अशी स्थिति हवी. अंधाऱ्या खोलींत घट दिसला नाहीं, एवढ्यावरून तो तेथें नाहीं असें ठरत नाहीं. १९४८ चें हैदराबाद अशीच खोली होतें. ‘इमरोज’ हें उर्दू दैनिक भारतांत विलीन होण्याचा पुरस्कार करी. त्याचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा त्या वर्षीं ऑगस्टमध्यें हैदराबादेंत रात्रीं खून झाला. लेखणीची किंमत ही असतां, अमुक पत्रांत रझाकारांच्या जुलमाची वार्ता नाहीं म्हणून तो जुलूम झालाच नाहीं, हें म्हणणें हेत्वाभास होय.

परंतु हीच कसोटी १७ सप्टेंबर १९४८ नंतरच्या काळासहि लागू आहे, आणि येथेंच आमचे पुष्कळ लेखक कचरतात. पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखालील मंडळ त्या वर्षाच्या अखेरीस संस्थानांत फिरलें. त्यांतील काजी अब्दुल गफार हे हैदराबादच्या ‘पयाम’ या उर्दू पत्राचे संपादक राहिलेले होते. मंडळानें पोलीस कारवाईच्या वेळच्या व नंतरच्या मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला, आणि सर्वाधिक हानि झालेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा व बिदर यांसह नांदेडचें नांव घातलें. लातूर तेव्हां उस्मानाबाद जिल्ह्यांतच होतें. हा आंकडा वादग्रस्त आहे. पण सरकारनें अहवाल अनेक दशकें प्रसिद्ध केला नाहीं, यांत वाद नाहीं. आधींचें मौन दडपशाहीचें आणि नंतरचें मौन शांततेचें, असा दुहेरी न्याय संशोधकास शोभत नाहीं. रझाकारांचा जाच खरा होता व सुटकेचा आनंदहि खरा होता. तेवढ्यानें दुसऱ्याच्या दुःखाची नोंद निरर्थक ठरत नाहीं.

आतां संग्राहकांस एक विनंती. पोथीस रेशमी रुमाल लाभतो, वृत्तपत्र मात्र रद्दींत जातें. पेशवाईंतील पत्राचा हातकागद अद्याप टिकून आहे. लाकडाच्या लगद्याचा वृत्तपत्री कागद पिवळा पडून त्याचा चुरा होतो. तेव्हां उशीर करण्यास अवकाश नाहीं. कात्रण न कापतां सबंध अंक ठेवावा, कारण मुद्रकाचें नांव, छापखान्याचा पत्ता, जाहिराती व बाजारभाव हेहि साक्षीदारच होत. आपणांस वाचतां येत नाहींत म्हणून उर्दू अंक टाकूं नयेत. एका पक्षाचीच साक्ष जपली तर निवाडा आधींच झाल्यासारखा होतो. विष्णुपुरीस स्वामी रामानंद तीर्थांच्या नांवाचें विद्यापीठ १९९४ पासून आहे. त्याच्या आश्रयानें मराठी व उर्दू अंकांची एकत्र सूची झाली, तर पुढील अभ्यासकास मौन कोठलें आणि केवळ गहाळ अंक कोठला, हें तरी वेगळें करतां येईल.