जुगुप्सा : एका शब्दाचे मूळ

रस शिकवताना बीभत्सापाशी मी दरवर्षी अडखळतो. शृंगाराची, वीराची उदाहरणे मुले पटापट देतात. बीभत्साला ठरलेली उदाहरणे म्हणजे स्मशान, रक्त, आतडी. मागे एकदा अकोल्याकडच्या एका मुलाने विचारले, "सर, आमच्या आज्याचा कप हॉटेलवाला बाहेर वळचणीला ठेवायचा. त्यात कोणता रस?" वर्ग हसला. मला हसू आले नाही. माझ्या बापानेही तसल्या कपातून चहा प्यालेला आहे. मी घरातला पहिला पदवीधर. पण पदवीने तो कप काही धुतला जात नाही.

प्रश्न शास्त्राचाच होता. बीभत्साचा स्थायीभाव जुगुप्सा. हा शब्द 'गुप्' धातूपासून झाला. गुप् म्हणजे राखणे, जपणे. 'गुप्त' त्याच कुळातला. त्याला एरवी इच्छा दाखवणारा 'सन्' प्रत्यय लागला. पाणिनीने ह्या रूपासाठी वेगळे सूत्रच दिले आहे आणि वैयाकरण त्याचा अर्थ निंदा असा करतात. स्वतःला राखता राखता समोरच्याची निंदा, असा हा प्रवास दिसतो. ग्रीक भाषेत किळसेला 'ब्देलिग्मिया' असा एक शब्द आहे. तो अधोवायूच्या धातूवरून आला असे मानतात. म्हणजे त्यांची किळस निदान नाकाला विचारून तरी निघाली! आमच्या शब्दाच्या मुळाशी घाण नाहीच, पहारा आहे.

हे शब्दाचे खेळ वाटत असतील तर महाड आठवावे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि सत्याग्रहींनी चवदार तळ्याचे पाणी प्याले. पुढे सवर्णांनी तळे 'शुद्ध' केले ते १०८ घागरींनी. त्यांत दूध-दह्याबरोबर शेण होते, गोमूत्र होते. त्याच तळ्यावर गुरे पाणी पीत होती, त्याची कोणाला शिसारी आली नव्हती. शेणाने तळे शुद्ध होते आणि माणसाच्या ओंजळीने बाटते, तेव्हा ही किळस इंद्रियांची आहे असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

भरताने तर आणखी एक गंमत केली आहे. नाट्यशास्त्रात जुगुप्सा हा स्त्रिया आणि नीच प्रकृतीची पात्रे यांचा भाव सांगितला आहे. रंगभूमीवर किळस नीचाने दाखवायची. गावात मात्र किळस करण्याचा हक्क वरच्यांचा. आमच्या काव्यशास्त्राच्या पंडितांना ही विसंगती कधी टोचली नाही.

म्हणूनच दलित साहित्याला बीभत्स म्हणणाऱ्यांचा मला राग कमी येतो, नवल अधिक वाटते. 'गोलपिठा' १९७२ चा, 'बलुतं' १९७८ चे. दया पवार ह्याच जिल्ह्यातल्या धामणगावचे. मेलेले ढोर, त्याचे मांस, महारवाड्याची भूक हे त्यांनी लिहिले ते वाचकाच्या अंगावर काटा यावा म्हणून नव्हे. ते घरातले होते. ढोर ओढायला लावणाऱ्या व्यवस्थेची शिसारी न येता ढोराच्या वर्णनाची ज्याला येते, त्याची रसिकता पहाऱ्यावर बसलेली आहे, एवढेच मी म्हणेन. (आपल्यातलेही काही शिकलेले हे पुस्तक पोरांच्या हाती देताना कचरतात. तेही पाहिले आहे.)

पालीत हाच शब्द 'जिगुच्छा' होतो. वेरंजा गावच्या ब्राह्मणाची तक्रार होती की गोतम वृद्ध ब्राह्मणांना मान देत नाही. त्याने बुद्धाला अनेक दूषणे दिली, त्यांत एक 'जेगुच्छी', किळस करणारा. बुद्धाने ते नाकारले नाही. काया, वाचा, मनाने केलेल्या दुराचाराची मला किळस आहे, त्या अर्थाने म्हणत असाल तर बरोबर, असे त्याचे उत्तर. शब्द तोच राहिला. किळस माणसावरून उचलून कृतीवर ठेवली.

पुढच्या तासाला हे सगळे मी त्या मुलाला सांगितले. त्याने वहीत उतरवून घेतले आणि विचारले, "परीक्षेत लिहिलं तर मार्क मिळतील?"

"पेपर माझ्याकडे आला तर," मी म्हणालो.