हॅमस्ट्रिंगची लवचिकता : एका रूढ मापनपद्धतीची चिकित्सा

मांडीच्या मागील स्नायूंची, म्हणजे हॅमस्ट्रिंगची, लवचिकता हा शारीरिक शिक्षणातील संशोधकांचा आवडता विषय आहे. आराखडाही बहुधा ठरलेला असतो. विद्यार्थ्यांच्या गटाला काही आठवडे ताणाचे व्यायाम व मर्दन द्यावयाचे, आधी व नंतर 'सिट अँड रीच' चाचणी घ्यावयाची आणि फरक सार्थ ठरताच हॅमस्ट्रिंग लवचिक झाले असे लिहावयाचे. यातील शेवटची पायरी कच्ची आहे.

वेल्स व डिलन यांनी १९५२ मध्ये मांडलेली ही चाचणी पाय सरळ ठेवून बसलेल्या व्यक्तीची बोटे कोठवर पोहोचतात एवढेच मोजते. त्या अंतरात पाठीच्या कण्याचे वाकणे आणि हातापायांच्या लांबीचे प्रमाणही मिसळलेले असते. शेकडो शाळकरी मुलांच्या चाळणीसाठी 'खेलो इंडिया'ने ती स्वीकारली, हे सोयीचेच आहे. परंतु एका विशिष्ट स्नायूविषयीच्या प्रबंधाला ती पुरत नाही. उताणे झोपवून सरळ पाय वर उचलावा आणि नितंबसांध्याचा कोन मोजावा, हा मार्ग अधिक थेट आहे. त्यासाठी लागणारा कोनमापक काही महागडे यंत्र नव्हे.

कोन वाढला तरी स्नायू लांबला असे लगेच ठरत नाही. वेपलर व मॅग्नुसन यांनी २०१० मध्ये दाखविल्याप्रमाणे काही आठवड्यांच्या ताणाने वाढते ती मुख्यतः ताण सोसण्याची तयारी. मर्दनाचा किंवा फोम रोलरचा तात्कालिक परिणाम तर अल्पकाळच टिकतो. म्हणून अंतिम चाचणी शेवटच्या सत्रानंतर लगेच घेतली की दुसऱ्या दिवशी, ही नोंद निर्णायक असते. अनेकदा नेमकी तीच गाळली जाते.

बिलोलीसारख्या तालुक्याच्या ठिकाणी खो-खो खेळणाऱ्या विद्यार्थ्याला या भेदाची किंमत मोजावी लागू शकते. पाटीवर उकिडवा बसलेला खेळाडू खो मिळताच झेपावतो आणि पूर्ण वेगाने धावू लागतो. अशा धावेत पुढे गेलेला पाय जमिनीवर टेकण्याच्या सुमारास हॅमस्ट्रिंग लांबत असतानाच भार पेलते. दुखापतीचा धोका मुख्यतः तेथे असतो. त्या क्षणी लागते ती लांबलेल्या अवस्थेतील ताकद. व्हॅन डाइक व सहकाऱ्यांच्या २०१९ च्या आढाव्यात 'नॉर्डिक' व्यायामाचा समावेश असलेल्या कार्यक्रमांत हॅमस्ट्रिंगच्या दुखापती सुमारे निम्म्याने घटलेल्या आढळल्या. या व्यायामात खेळाडू गुडघ्यांवर उभा राहतो, सोबती त्याचे घोटे धरतो आणि तो धड सावकाश पुढे झुकवितो. त्यास साधन लागत नाही, फक्त सोबती लागतो. तरीही ताणाच्या प्रयोगांत तुलनेसाठी असा गट क्वचितच ठेवला जातो.